मांडी घातलेली बाहुली

२५ ऑक्टोबर, मालेगाव (जि. वाशीम)
पोरीनं दिवाळीला येऊन विमान पाडून दाखवलं — मोबाईलवर! रुचिकाची बंगळूरची नोकरीच ती. लहान प्रवासी विमानाचा सांगाडा क्रेननं उचलायचा, आत माणसाएवढ्या बाहुल्या पट्ट्यानं बांधायच्या आणि द्यायचा सोडून. मग कोणाचा मणका गेला ते बघायचं.

आमचे हे, जिनदासशेठ, हसून हसून खोकले. "पोरगी इमान आपटून राह्यली, अन् वरतून पगार बी भेटते!"

हसण्यासारखं काही नाही. आतली सीट तिनं स्वतः बनवलेली. चार वर्षं घातली. पुढच्या महिन्यात शेवटची चाचणी — पास झाली तरच विमानात लागणार.

मी मात्र जन्मात विमानात बसायची नाही, हे तिला परत बजावलं.

२६ ऑक्टोबर
व्हिडिओ पुन्हा पाहिला. बाहुल्या कशा? शाळेत तपासणी आल्यासारख्या — पाय खाली, गुडघे जुळवून.

"असं कोण बसते गं? मी यष्टीत वाशीमपर्यंत सीटवर मांडी घालून जातो. साऱ्याच बाया जातात."

"आई, विमानात कोणी मांडी घालत नाही."

"तुह्या आत्याले बसवून पाह्य एकदा."

पोरगी अर्धा लाडू ताटात टाकून उठली. अन्न टाकायचं नाही, म्हणून मीच खाल्ला.

३० ऑक्टोबर
रुचिकाचा फोन. मांडीवाली बाहुली मागितली तर तिचे साहेब हसले म्हणे — "मॅडम, बाहुलीला पूजेला बसवायचंय का?" नियमात मांडी नाही. नियमानं सीट पास होतेच.

"मंग होऊ दे ना पास!"

"आता मन होत नाही, आई. तू कायले बोलली?"

८ नोव्हेंबर
रुचिकानं भांडून एक बाहुली मांडी घालून बसवलीच. तिच्या खुब्याचे सांधे बदलावे लागले. नाव ठेवलं पानाबाई. माझं! मी तिला चांगलं झापलं. आतून बरं वाटलं, पण ते फोनवर सांगायचं नसतं.

१४ नोव्हेंबर
उद्या आपटणार. हे म्हणतात, "पानाबाई, लागन हो तुले!" मूर्खपणा. आम्ही जैन, म्हणून दिवस मावळायच्या आत ताट वाढून घेतलं, पण मोबाईल बघतच दिवस मावळला.

१५ नोव्हेंबर
बाकी बाहुल्या शाबूत. पानाबाई पट्ट्याखालून सरकली आणि कमरेत मोडली.

साहेब म्हणाले, ती हिशेबात धरूच नका. रुचिकानं धरली. स्वतःच्या सहीनं लिहून दिलं — सीट नापास. पुन्हा पहिल्यापासून. फोनवर नुसती रडत होती.

१६ नोव्हेंबर
उद्या सकाळी नागपूरहून बंगळूर. विमानानं. तिला कळवलेलं नाही. पाय खाली सोडून बसेन.