एस्तेरची आगाऊ उपकारस्तुती

१२ जानेवारी, रविवार

सलोमीने आज बॉम्ब टाकला. तोही जेवताना, एस्तेरच्या एका हातात रश्श्याचा डाव आणि दुसऱ्यात भाकरी असताना. पोरगी हुशार आहे, आईचे दोन्ही हात गुंतले की बोलते.

'मम्मी, मला सम्यकशी लग्न करायचंय.'

सम्यक म्हणजे तिच्या कंपनीतला साइट इंजिनिअर. गोवंडीचा. बौद्ध. एस्तेरने जात काढली नाही, गोवंडी काढली नाही — हे तिच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे. एकच विचारलं: 'देव मानतो का?'

'नाही मानत. त्यांच्यात देव नसतोच गं.'

'मग देव न मानणारा जावई या घरात नको.'

मी भाकरी मोडत राहिलो. देव न मानणारा नवरा या घरात पंधरा-वीस वर्षं जेवतोय, त्याचा तिला पत्ता नाही! दर रविवारी चर्चमध्ये तिच्या शेजारी बसतो, गीतं मोठ्याने म्हणतो. आवाज बरा आहे म्हणून खपून जातं.

१३ जानेवारी

तह झाला. म्हणजे माझ्या डोक्यावर बसून झाला. 'तुम्ही सायन्सचे मास्तर होता ना? मग पटवा त्या पोराला, देव आहे म्हणून. पटलं तर मी लग्नात नाचेन. नाही पटलं तर येणार नाही.'

सलोमी म्हणाली, 'तू नाही आलीस ना, तर मी या घरात परत पाऊल टाकणार नाही.'

दोघी एका साच्यातल्या. मी मध्ये. आणि पोरगी एकच आहे आम्हाला.

१४ जानेवारी

देव आहे याची कारणं शोधतोय. निवृत्तीनंतर गृहपाठ!

१८ जानेवारी, शनिवार

सम्यक आला. घाटकोपरच्या आमच्या इमारतीची लिफ्ट बंद, चार मजले चढूनही पोरगा धापा टाकत नव्हता. 'जय भीम, काका.' मी आमच्या ख्रिस्ती पद्धतीने म्हटलं, 'सलाम.' एस्तेरने नाताळच्या उरलेल्या करंज्या पुढे केल्या. मुद्दाम, मला शंका आहे. त्याने दोन खाल्ल्या आणि पाणीही मागितलं नाही. तिथेच मी फितूर झालो.

मग कामाला लागलो. खिडकीतून समोरचा टॉवर दाखवला. 'हा आपोआप उभा राहिला का? कोणीतरी बांधला. मग एवढं विश्व कोणी बांधलं?'

तो टॉवरकडे बघत बसला, साइटवर बघतात तसा. 'बांधलाय हे खरं, काका. पण सात वर्षं झाली, ओसी, म्हणजे राहायचा दाखला नाही, पाणी टँकरचं आणि बिल्डर फोन उचलत नाही. असा देव चालेल तुम्हाला?'

मी हसलो. मोठ्याने! आत एस्तेरने पातेलं आपटलं.

२५ जानेवारी, शनिवार

दुसरी फेरी. चांगलं-वाईट आपल्याला आतून कळतं, ते कोणी शिकवलं? 'आईने,' सम्यक म्हणाला. 'चपलेने.'

बरं, मानून ठेवायला काय जातं? देव असला तर फायदा, नसला तर तोटा नाही. 'काका, ही तर पॉलिसी झाली. त्याला कळणार नाही का, हा नुसते हप्ते भरतोय म्हणून?' मीच कित्येक वर्षं हप्ते भरतोय.

शेवटी ठेवणीतलं काढलं. प्रभू कबरेतून उठला हे पहिल्यांदा कोणी सांगितलं? बायकांनी. त्या काळी बायकांच्या साक्षीला कोणी विचारत नव्हतं. खोटंच रचायचं असतं तर एखादा वजनदार पुरुष नसता का उभा केला? ज्यांच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही अशांनाच कोणी पुढे करतं का?

सम्यक गप्प झाला. चहा निवला. 'हे चांगलंय, काका. यावर विचार करावा लागेल.'

मला स्वतःलाच बरं वाटलं, का कोण जाणे. एस्तेर दारात उभी होती, सगळं ऐकलं तिने. पोरगा गप्प झाला म्हणजे तिच्या लेखी काम फत्ते.

२ फेब्रुवारी, रविवार

वाट लागली.

आमच्या मंडळीत उपकारस्तुतीची पद्धत आहे. देवाने काही बरं केलं की पाकिटात दान घालायचं, वर कारण लिहायचं, पाळकसाहेब ते उपासनेत वाचतात. पुतण्या पास झाला. नवी स्कूटर आली. दादूकाकांचं मूळव्याधीचं ऑपरेशन नीट झालं — अख्ख्या मंडळीने डोळे मिटून त्याचेही आभार मानलेत! एस्तेरची तऱ्हा वेगळी. ती आगाऊ आभार मानते. विश्वास आहे ना, मग वाट कशाला बघायची? सलोमीच्या बारावीच्या निकालाची उपकारस्तुती तिने परीक्षेआधीच उरकली होती.

आज सम्यक आला होता. सलोमीने आग्रह केला म्हणून, नुसता बघायला. मागच्या बाकावर बसला. आणि पाळकसाहेबांनी पाकीट उचलून वाचलं, 'एस्तेरबाई साळवे, होणारे जावई सम्यक यांनी प्रभूचा स्वीकार करून बाप्तिस्मा घेण्याचं ठरवल्याबद्दल!'

टाळ्या. माना मागे वळल्या. कोणी त्याचा हात हातात घेतला, कोणी डोक्यावर हात ठेवला. पोरगा उभा राहिला, सगळ्यांना नमस्कार केला आणि बाहेर पडला. चेहरा विझलेला. सलोमी त्याच्यामागे.

संध्याकाळी घरी आली ती बॅग भरायलाच. बोरीवलीला समीक्षाकडे, मैत्रिणीकडे राहणार. एस्तेर म्हणत राहिली, 'मी काय वाईट केलं? आभारच मानले ना?'

४ फेब्रुवारी

सलोमी फोन उचलत नाही. घरात दोन ताटं. एस्तेर प्रार्थना करते तेव्हा मी सवयीने आमेन म्हणतो. आज म्हणालो नाही. तिने डोळे उघडून बघितलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

गोवंडीला जाऊन आलो. एस्तेरला सांगून. ती म्हणाली, 'जायचं तर जा.'

सम्यकची आई, जयाबाई. बालवाडीत शिकवतात. मी माफी मागितली. त्यांनी कांदेपोहे दिले, वर खोबरं, आणि मग बोलल्या. आवाज न चढवता. 'तुमच्या मिसेस माझ्या पोरासाठी रोज प्रार्थना करतात म्हणे. बरं वाटलं मला, खोटं नाही बोलत. पण त्याला विचारायचं ना? आम्हाला न विचारता आमचं सगळं दुसऱ्यांनी ठरवायचं, असे लई दिवस काढले आमच्या लोकांनी. ते मागं टाकलं आम्ही. पोराला परत ते नको वाटायला.'

मास्तरकीत इतकं खाली बघायची वेळ कधी आली नव्हती.

घरी येऊन एस्तेरला शब्द न् शब्द सांगितला. मला वाटलं भांडेल. ती उठली, चहा टाकला, साखर घालायची विसरली. दोघांनी तसाच प्यायला.

१२ फेब्रुवारी

एस्तेरने आज स्वतः फोन लावला. सम्यकला. मी पेपराआडून ऐकत होतो. 'बाळा, रविवारी ये. आईलाही आण. चहापाण्यासाठी नाही, काम आहे माझं.'

पाळकसाहेबांनाही केला. ते म्हणत होते — 'जाऊ द्या हो बाई, लोक विसरले.' ती म्हणाली, 'मी नाही विसरले.' फोन ठेवला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आली तिघं. सम्यक, जयाबाई, सलोमी. मागच्याच बाकावर.

पाकिटं वाचून झाल्यावर एस्तेर उभी राहिली. पाकीट नाही, काही नाही. ही बाई भाजीवाल्यासमोर कधी मागे हटली नाही, सासूसमोर नाही, माझ्यासमोर तर विषयच नाही. पदर घट्ट धरलेला.

'मागच्या वेळी मी जे लिहून दिलं ते खोटं होतं. या मुलाने काहीही ठरवलेलं नव्हतं. मी त्याला न विचारता त्याच्या नावाने देवाशी बोलले. देवाशी माझं मी बघून घेईन. पण याची माफी तुमच्यासमोर मागायला हवी. सम्यक, माझं चुकलं. जयाबाई, तुमचीही माफी मागते.'

बोलून झालं तरी ती तशीच उभी राहिली. मी उठणार तेवढ्यात जयाबाई मधल्या वाटेने पुढे आल्या, तिला धरून आमच्या बाकावर बसवलं आणि शेजारी बसून राहिल्या. पुढचं गीत सुरू झालं. रडत होतो मी, मास्तर असून, सगळ्यांसमोर.

तिला हे कोणी करायला लावलं? मी नाही. सलोमी नाही. पाळकसाहेब तर उलट आवरत होते. मी तेहतीस वर्षं या बाईला ओळखतो. हे तिच्यातलं नाही. मग कुठून आलं?

१७ फेब्रुवारी

सलोमी बॅग घेऊन परत आली, सम्यक पोचवायला आला होता. लग्न नोंदणी पद्धतीने, मेमध्ये. एस्तेर साक्षीदार म्हणून सही करणार, तिनेच सांगितलं. सम्यक निघताना जिन्यात थांबला. 'काका, एक विचारू? तुम्ही स्वतः खरंच मानता?' हे आजवर कोणी मला विचारलंच नव्हतं. मी हो म्हणालो. आणि ते खोटं नव्हतं. आता एस्तेरला कसं सांगू? तिला वाटतं, मी आधीपासूनच मानतो!