माजघराचा गिलावा

मुंबई, २ फेब्रुवारी १९५८

ति. ताईस गुरुदासचा शि. सा. न. वि. वि.

माजघराच्या भिंतींना तडे गेल्याचे कळले. आता काम टाळू नकोस. भिकाजी गवंड्याकडून पोकळ वाजणारा गिलावा पाडून घे. सिमेंट नको, आपला शिंपल्यांचा चुनाच बरा. वैशाखात मुलांना घेऊन यावे म्हणतो. तुझ्या घावण्यांवर सगळ्यांचा डोळा आहे. आत्या आधी भिंतींचे कौतुक करायला लावील, मगच वाढील, असे मी त्यांना बजावले आहे. तुझी माया आहेच, ती राहू दे.

तुझा गुरुदास

कट्टा, ३० मार्च १९५८

चि. गुरुदास यास अ. उ. आशीर्वाद.

भिंती झाल्या. भिकाजीची कंबर धरली, म्हणून चुना मीच मळला. हातांची सालं निघाली. बाबांच्या खाटेमागची भेग बुजवताना रडू आलं. शेजारची कार्मेलिना विचारत होती, लगीन कोणाचा गो? म्हटलं, माझो भाव येतलो. सौ. सीतेला, मुलांना आशीर्वाद.

तुझी ताई

कट्टा, २१ एप्रिल १९५८

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

काल मालवणचे एक गृहस्थ बायकोसह आले. तुझे स्नेही समजून चहा केला. भिंतींवर हात फिरवून ते म्हणाले, गुरुदासांनी कळवलं तशीच दुरुस्ती झाली आहे. मग बाईंनी विचारलं, मी मुंबईला कधी निघणार. भावाकडे राहायची मला फार हौस आहे, असं तू सांगितलंस म्हणे. घर विकायला काढलंस, हे मला परक्या बाईकडून समजलं. मी त्यांना सांगितलं, मला कुठे जायचं नाही आणि कुणी विचारलंही नाही. दोघं चहा टाकून उठले.

तू लिहिलं असतंस तर वाईट वाटलं असतं, पण मी ऐकलं असतं. माझ्याच हातून घर विकाऊ करून घेतलंस.

ताई

मुंबई, २९ एप्रिल १९५८

ति. ताईस सा. न. वि. वि.

तू उगीच मनाला लावून घेतेस. एकटीने तिथे किती वर्षे काढणार? तुझ्या भल्याचेच पाहतो आहे. घर माझ्या नावावर आहे. दुसरे गिऱ्हाईक येईल, त्याच्यापुढे काही बोलू नकोस. राग सोडावा.

गुरुदास

मालवण, १२ मे १९५८

गुरुदास,

मी इथल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागले. राहायला खोली आहे. घराची चावी कार्मेलिनाकडे ठेवली. विकायचं तर विक, आता अडवायला मी तिथे नाही. पण मला मुंबईला बोलावू नकोस, आणि मी सुखाने गेले असं कुणाला सांगू नकोस.

मुलांना आशीर्वाद. तुला काय लिहावं, सुचत नाही.

सत्यवती