रिकाम्या ठोक्याबाबत माझी वसियत

मी मन्सूर वल्द करीम, धंदा क्लॅरिनेट वाजवणे, राहणार घुटकाळा, चांदा, लिहून ठेवतो की माझी छाती कामातून गेली असली तरी डोके जागेवर आहे. हे लिहिण्यासाठी कोणी धाक घातलेला नाही. धाक आहे तो वेगळाच, तो पुढे येईल.

१. राहते घर मुलगा गफ्फार याला द्यावे. मागची भिंत शेजारच्या अत्तरवाल्याने हातभर आत सरकवली आहे. त्याला मी माफ केलेले नाही, गफ्फारनेही करू नये.

२. क्लॅरिनेट कोणालाही द्या, वरातवाल्यांना नको. मुंबईच्या हॉटेलात ते वाजवत असताना मी आफ्रिकेतून क्युबात नेलेल्या लोकांचा ताल ऐकला आणि वेडा झालो. दोन काठ्यांचे पाच ठोके आणि त्यावर नव्या धाटणीचा जॅझ! चांद्याला परतून चौघांचा बँड काढला. मी, काठ्यांवर गफ्फार, मोठ्या व्हायोलिनवर भैयाजी आणि ढोलावर हेमलकशाकडचा लच्छू माडिया. लोक हसले. हसोत.

३. गफ्फारच्या सागाच्या काठ्या माझ्यासोबत कबरीत पुराव्यात. कारण सांगतो. लच्छूने आम्हाला त्याच्या गावचा मयताचा ताल दिला. क्युबाच्या तालाशी तो असा जुळला की अंगावर काटा आला. पण त्यात एक ठोका रिकामा सोडतात. मयताच्या नावाचा दगड उभा होईपर्यंत तो कोणी वाजवत नाही. लच्छू म्हणाला, "मास्तर, ते जागा खाली ठेवा. तिथी मेलेला पाय ठेवते."

गफ्फारला पटले नाही. "अब्बा, ताल लंगडा होऊन राह्यला. काऊन भेता?" असे म्हणून त्याने आलापल्लीच्या क्लबात ती जागा भरली. साहेबलोक बेभान नाचले. त्याच आठवड्यात भैयाजी गुडघाभर पाण्यात बुडाला. पुढे बल्लारपूरला पुन्हा भरली, तेव्हा माझी बायको, गफ्फारची आई शमसुन्निसा चुलीपुढे बसल्या बसल्या गेली. मी नमाजी माणूस, असले काही मानत नाही. लच्छूने मात्र बँड सोडला. जाताना म्हणाला, "मेलेला वाजवणाऱ्याच्या जवळ जवळ येऊन राह्यला." तेव्हापासून मला झोप नाही.

४. लच्छूचा ढोल आमच्याकडेच राहिला होता, तो न्यायला तो आज आला आहे. तो त्याला परत द्यावा असे लिहायला घेतले आणि पाहतो तर कोपऱ्यात ढोल नाही, काठ्याही नाहीत. सून कनीज म्हणते, "ढोल, काठ्या घेऊन ते सकाळीच ट्रकनं आलापल्लीले गेले. आज क्लबात वाजवाचं हाय." मला अंगणापर्यंतही चालवत नाही. आलापल्लीकडे जाणारी दुसरी गाडी आज नाही.

५. म्हणून पहिले कलम रद्द करतो. घर कनीजला आणि तिच्या पोटातल्या लेकराला द्यावे. त्या लेकराच्या हाती काठ्या देऊ नयेत. कबरस्तानात शमसुन्निसाच्या शेजारची जागा मी स्वतःसाठी धरून ठेवली होती. ती गफ्फारला द्यावी. मला कुठेही पुरा.

लिहून देणार: मन्सूर वल्द करीम

साक्षीदार:
लच्छू पुंगाटी, डाव्या हाताचा अंगठा
वारलू लोनबले, शेजारी, सही

मु. चांदा, रविवार, १७ नोव्हेंबर १९५७, भर दुपार