वाळवीनं खाल्लेलं पान

असोदा, शके १८५३

श्रावण शु. १
दुपारी चष्मा घेऊन देवळात गेले. चष्मा ह्यांचा. हे गेले तेव्हा त्यातून मला सगळं धूसर दिसायचं; आता त्याच्याशिवाय अक्षर लागत नाही.
पोथीपुढं, माझ्या पाटावर, गोदा. माझी धाकटी जाऊ. पुजाऱ्याची बायको म्हणाली, "अक्का, यंदापासून सवाशीण वाचील. तुम्ही ऐका."
कुणी ठरवलं?
"तुमच्याच घरून निरोप आला."
गोदानं पान सरळ केलं. वर पाहिलं नाही.

शु. २
गो. या घरात आली तेव्हा केवढीशी. रडायची. वेणी मी घालायची. हे गेल्यावर गुळाच्या पुडीच्या कागदांवरून मी अक्षरं जुळवायला लागले, तेव्हा तीही शेजारी येऊन बसली. तव्याच्या काळ्या बुडावर बोटानं तिला 'ग' काढून दिला.
आज भाकरी थापताना म्हणते, "राग आला का वं अक्का? लोकं बोलू राह्यले व्हते. गेल्या साली समाप्ती झाली अन् पाटलाच्या सुनेचं पोट पडलं."
"लोकं बोलले, का तू बोलली?"
भाकरी करपली तिची.

शु. ४
दुपार जात नाही. ह्यांच्यामागं कितीतरी वर्षं नुसती उठले, बसले, निजले. पन्नाशीकडे आल्यावर ही पोथी हाती आली आणि सकाळी उठायला काही कारण झालं. निंदताना बायका विचारायच्या, अक्का, आज राणीचं काय व्हईन? तेवढंच माझं होतं. शेत मागितलं नाही, घरात वाटा मागितला नाही.
वातींसाठी कापूस घेऊन बसले. सरकी काढली.

शु. ६
परवा राणीची कथा यायची. राणीला घरातून काढतात, ती वनात जाते, आणि तिथलं पान वाळवीनं खाल्लेलं. त्यापुढच्या पानावर राजा पालखी घेऊन आलेलाच असतो. पहिल्या वर्षी तिथं अडखळले. समोर बायकांचे वाती वळणारे हात थांबले. मग तोंडी आलं ते ओवीच्या चालीत म्हणत गेले. राणी उंबराखाली बसली, रडली, मग तिला भूक लागली. मोहाची फुलं वेचणाऱ्या बायांनी टोपली दिली. तू कुणाची, हे कुणी विचारलं नाही. दरवर्षी त्यात भर पडत गेली.
गो.ला हे ठाऊक नाही. ती समोर बसून ऐकायची, पान तिनं कधी पाहिलं नाही.
सांगावं?
नाही सांगणार.

शु. ८
गेले नाही. तुळसा सांगत आली. आमच्या केळीत मजुरीला येते. पोथी देवळाच्या पायरीखाली उभी राहून ऐकते.
"अक्का, राणी वनात गेली अन् लगेच पालखी! टोपली नही, फुलं नही. साऱ्या बाया म्हने, मधलं कुठी गेलं? गोदाबाई म्हने, पोथीत नही. पाटलीनबाई म्हने, नीट वाच, गिळू नको!"
पोटभर हसले. मग हसू राहिलं नाही.

शु. ९
कळलं सगळ्यांना. पुजाऱ्यानं पानं लावून पाहिली. मी पाण्याला चालले होते, मला ऐकू जाईल अशी पाटलीण बोलली, "रांडमुंड बाईनं देवाच्या पोथीत आपलं घातलं." गेल्या साली हीच डोळ्यांना पदर लावून म्हणाली होती, अक्का, वन पुन्हा वाच.
गो. पाणवठ्यावरच्या बायकांतच उभी. तिथं एक शब्द बोलली असती तर...

शु. ११
गो. मागल्या दारी आली.
"अक्का, समाप्तीले बाया वन मागू राह्यल्या. पाटलीनबाई सुद्धा. मले सांगून द्या ना. पाठ करीन. पानाकडे पाहत म्हनीन."
"अन् मी कुठी बसू?"
"तुमी... घरीच बऱ्या."
शब्द हवेत, माझं तोंड नको. सरकी काढत राहिले. ती उंबऱ्यावर बसून होती, पाठ माझ्याकडे करून, वेणीला बसायची तशी. तिचेही केस पिकायला लागलेत. माझा हात उचलला गेला होता. मागं घेतला.

शु. १४
उद्या समाप्ती.
केळीतलं काम आटोपून तुळसा आणखी दोघी-तिघींना घेऊन मागल्या अंगणात आली. "आमाले देवळात कोन बसू देते? इथीच सांगा." कोनाड्यातून चष्मा काढला. मग ध्यानात आलं, वाचायला पान नाहीच. तरी लावला.
राणीला वनात पुष्कळ दिवस ठेवलं या वेळी. मोहाखाली ती हसली, हे आज पहिल्यांदा आलं. टोपली डोक्यावर घेऊन निघाली आणि लांबून पालखी दिसली, इथवर सांगितलं. एवढी वर्षं पुढचं पान तिला पालखीत बसवून न्यायचं. ती जाते का, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. आज तुळसानं विचारलं.
"उद्या सांगते," म्हटलं.
दाराआड गो.च्या बांगड्या वाजल्या होत्या, मधेच केव्हातरी. बाहेर ये, असं म्हटलं नाही. आवाजही खाली आणला नाही.