तिसऱ्या दिवसाची चौकशी

४ जून

चि. चौकशीसाहेबांस,
अनेक आशीर्वाद आणि प्रभूच्या नावाने सलाम.

पत्राचं कारण असं की मला हल्ली बोलायला दम पुरत नाही. लिहायला पुरतो. डॉक्टरांनी माझ्या फुप्फुसांचे फोटो उजेडात धरून बराच वेळ समजावून सांगितलं. सारांश एवढाच की पुस्तक संपत आलंय आणि दुसरी आवृत्ती नाही. तीन महिने म्हणाले. माणूस सभ्य आहे, चार म्हणायला त्याची हरकत नव्हती.

तेव्हापासून घरात माणसांची रीघ आहे. पाळकसाहेब येतात आणि शंकाच नाही म्हणतात. छापखान्यातला माझा जुना जोडीदार येतो. मेल्यावर काही नसतं, त्यामुळे त्रासही नसतो, असं तो सांगतो. दोघेही जाताना माझा खांदा थोपटतात. मला दिलासा नको आहे. दिलासा रोज सकाळी दुधाबरोबर दारात येतो.

तू एकतीस वर्षं कारखान्यांतल्या अपघातांची चौकशी केलीस. कुणाचा हात यंत्रात गेला, बॉयलर का फुटला, कोण खरं बोलतंय आणि कोणाला पढवलंय, हे तू शोधायचास. एकोणिसाव्या वर्षापासून तू चर्चची पायरी चढला नाहीस, म्हणूनच हे काम तुझ्याकडे देतो. येशू मेलेल्यांतून तिसऱ्या दिवशी उठला, असा दावा आहे. मी जन्मभर तो मानत आलो, पण तपासून कधी पाहिला नाही. माझ्यासारख्या मुद्रितशोधकाला हे शोभत नाही. तू तपास आणि अहवाल दे. घाई कर, कारण कळलंच असेल.

तुझी ताई बरी आहे. मला औषध देताना चमचा जरा जोरात आपटते, यावरून तिची काळजी समजते.

तुझा,
भाऊजी


१३ जून

ती. भाऊजींस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मी दोन दिवस चिडलो होतो आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागलो. काही हरकती आधीच नोंदवतो. घटनेला दोन हजार वर्षं होत आली. जागेची पाहणी अशक्य. एकही साक्षीदार हजर राहणार नाही. चौकशी अधिकाऱ्याचं मत आधीच ठरलेलं आहे. खात्यात असं प्रकरण मी दारातूनच परत पाठवलं असतं.

बायबलातली चारही शुभवर्तमानं, म्हणजे या घटनेचे चार वृत्तांत, शेजारी ठेवून वाचले. एकात कबरेवर एक बाई जाते, दुसऱ्यात दोघी, तिसऱ्यात तिघी. कुठे आत एक तरुण बसलेला, कुठे दोन पुरुष उभे. माझ्या हाताखालचे लोक अशा वेळी खूश व्हायचे, साक्षीदार खोटे निघाले म्हणून. मी व्हायचो नाही. चार कामगार एकाच शब्दांत सांगायला लागले की मी आधी विचारायचो, काल साहेबांच्या खोलीत चहाला कोण कोण होतं. त्यामुळे फरकांवरून मी काही धरत नाही. कबर रिकामी होती, यावर चौघांचं एक आहे.

दुसरं म्हणजे पहिल्या साक्षीदार बायका. त्या काळी बायकांच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. खोटा साक्षीदार उभा करायचा तर माणूस फोरमन आणतो, झाडूवाली आणत नाही. हा मुद्दा तुमच्या बाजूने लिहून ठेवला आहे.

आता विरुद्ध बाजू. चौघांपैकी कुणीही त्या दिवशी लिहिलं नाही. तीसचाळीस वर्षांनी लिहिलं, काहींनी त्याहून उशिरा. दोघांनी तर पहिल्याचं समोर ठेवून लिहिलेलं दिसतं. मी तीस वर्षांपूर्वीचा माझा एक अहवाल काढून वाचला, त्यात मी बराच शूर निघालो.

एक शंका ताईला विचारा. तो वधस्तंभावर मेलाच नव्हता, बेशुद्ध होता आणि कबरेच्या गारव्यात शुद्धीवर आला, असं काही जण म्हणतात. तिने चौतीस वर्षं शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काढली आहेत. तिचं मत मला पुस्तकांपेक्षा चालेल.

माया आहेच, ती असू द्या.
तुमचा आज्ञाधारक नसलेला
मेहुणा


२० जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी शंका यांनी मला मोठ्याने वाचून दाखवली, मध्ये तीनदा थांबून. फटक्यांनी पाठ सोललेली, हातापायांत खिळे, कुशीत भाला. असा पेशंट तिसऱ्या दिवशी उठून चालत गेला असता, तर त्याला बघून कुणी पाया पडलं नसतं. स्ट्रेचर आणायला धावले असते. आणि त्याला खिळणारे ते शिपाई रोज हेच काम करणारे. मेलेला आणि बेशुद्ध यातला फरक त्यांना कळत नसेल, हे मला पटत नाही. पहिल्या महिन्यातल्या शिकाऊ नर्सलाही कळतो. ती शंका काढून टाक.

दुसरी शंका तू विचारली नाहीस, ती मीच सांगते. मेलेलं माणूस दिसतं. आमच्या वॉर्डातून नवरा गेलेल्या बायका महिन्याभराने कपडे, चष्मा न्यायला यायच्या. काल हे खुर्चीत बसलेले दिसले, असं सहज सांगायच्या. वेड्या नव्हत्या. निम्म्याअधिक जणींना दिसतात, असं मी माझ्या अनुभवावरून म्हणेन. पण त्यातल्या एकीनेही मला मृत्यूचा दाखला परत घ्या म्हणून सांगितलं नाही. दिसणं वेगळं आणि तो जिवंत आहे म्हणून गावभर सांगत सुटणं वेगळं. तुझ्या कामाचं असेल तर लिहून घे.

हे पुढचं यांना कळू देऊ नकोस. ते रोज टपालाची वाट बघतात. आंघोळीला चला म्हटलं तर टपाल येऊन जाऊ दे म्हणतात. दिवसा हसतात, पण झोपेत माझं मनगट धरून ठेवतात. त्यांना भीती वाटते. चाळीस वर्षांच्या संसारात मी ती पहिल्यांदा बघते आहे.

तेव्हा शेवटी एक ओळ लिही, की तपासलं आणि सिद्ध झालं. त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे. आई गेल्यावर तुला मी न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, तुझ्या प्रगतिपुस्तकावर वडिलांच्या खोट्या सह्यासुद्धा मीच केल्या. त्या बदल्यात कधी काही मागितलं नाही. आता मागते.

चिमणी नोकरीवरून रजा काढून आली आहे. बापाशी भांडते, त्यामुळे घरात जरा बरं वाटतं.

तुझी,
ताई


२ जुलै

चि. चौकशीसाहेबांस,
आशीर्वाद.

तुझ्या फाइलीत एक कागद माझ्याकडून जोड. तो आपल्या विरुद्ध जातो, पण लपवणं बरं नाही. चारांतला सगळ्यात जुना वृत्तांत पाहा. त्याच्या सर्वांत जुन्या प्रतींत शेवटी बायका कबरेपासून पळतात, घाबरून कुणाला काही सांगत नाहीत, आणि तिथेच मजकूर संपतो. पुढच्या ओळी, ज्यांत उठलेला येशू सगळ्यांना दिसतो, त्या नंतर कुणीतरी जोडल्या. जाणकार तसं म्हणतात आणि मलाही दिसतं. माणूस दुसरा, शब्द दुसरे. लेखकाने अपुरा सोडलेला धडा मालकाने पुरा करवून घ्यावा, तसं झालंय. आमच्याकडे असं झालं की मी समासात प्रश्नचिन्ह करायचो. इथेही केलंय.

ताई तुला काहीतरी लिहून बसली आहे. पाकीट चिकटवताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. काय लिहिलं ते विचारत नाही.

भाऊजी


१४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

सोबतचं पाकीट भाऊजींसाठी आहे. तू मागितलेली ओळ मी लिहिली होती. सुवाच्य अक्षरात लिहिली, तासभर तिच्यासमोर बसलो आणि पान फाडलं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, तो माझी पहिल्या वाचनात पकडेल. मग त्याच्याजवळ खरं बोलणारं कुणीच उरणार नाही. रागाव, पण मला माफ कर.

धाकटा


१४ जुलै

ती. भाऊजींस,
साष्टांग नमस्कार वि. वि. अहवाल खालीलप्रमाणे.

शिष्यांनी प्रेत चोरलं म्हणावं, तर चोरांना खरं ठाऊक असणार. खोट्या गोष्टीसाठी माणसं मरतात, ते मी पाहिलंय. पण स्वतः रचलेल्या खोट्यासाठी, पदरात काही पडत नसताना, मार खाणारी टोळी मला भेटलेली नाही. त्यातले किती जण खरोखर त्यापायी मेले, याचे कागद मात्र कमी आहेत. बायका चुकीच्या कबरेवर गेल्या म्हणावं, तर बरोबरची दाखवून विरोधकांनी विषय संपवला असता.

भास झाला, हे स्पष्टीकरण सगळ्यांत भक्कम आहे. ताईच्या बायका त्याला पुष्टी देतात आणि ताईच ती काढून घेते. शोक करणाऱ्यांना तो लागू पडतो. पण येशूच्या सख्ख्या भावाचं काय? तो आधी त्याला मानत नव्हता, नंतर मानायला लागला. आणि पुढे प्रेषित झालेला तो तंबू शिवणारा तर आधी या लोकांना धरून तुरुंगात टाकत होता, त्याला कसला शोक? तरी मलाही तो दिसला, असं तो म्हणतो. त्याचं पत्र सगळ्यांत जुनं, घटनेनंतर वीसपंचवीस वर्षांतलं. त्यात कुणाकुणाला तो दिसला याची यादी आहे, आणि ती आपल्यालाही दुसऱ्यांकडून मिळाली असं तो लिहितो. त्यातले बरेच अजून हयात आहेत, असंही लिहितो. असं लिहिणारा माणूस एकतर खरं बोलत असतो, किंवा विचारायला एवढ्या लांब कुणी जाणार नाही याची त्याला खात्री असते. दोन्ही प्रकारची माणसं मी पाहिली आहेत.

त्या लोकांनी हे रचलं नाही, असं माझं मत झालं आहे. त्यांनी काहीतरी अनुभवलं. आमच्या अहवालाच्या छापील फॉर्मवर कारणाची एक चौकट असते. चूक, बिघाड, हलगर्जी, एकतीस वर्षांत काही ना काही मी तिथे भरलंच. या वेळी कोणत्याच कारणाखाली सही करता येत नाही. देवाने उठवलं, यावरही येत नाही. मेलेलं माणूस उठत नाही हे मी धरून चालतो. पण ते या फाइलीत सापडलेलं नाही, ते मी घरून घेऊन आलो होतो. हे लिहिणं मला जड गेलं.

सिद्ध झालं नाही. खोटं ठरलं नाही. चौकट कोरी ठेवून सही केली आहे.

तुमचा,
मेहुणा


९ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मातीच्या दिवशी गर्दीत आपलं बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते. जुलैत मी तुझ्यावर आठ दिवस रागावले होते. नवव्या दिवशी यांनाच सांगून टाकलं की मी तुला काय लिहायला सांगितलं होतं. ते खूप वेळ हसले. ऑक्सिजन वाढवावा लागला.

तुझा अहवाल त्यांनी तीनदा वाचला. लाल पेन्सिलीने ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका काढल्या. मग मला जवळ बसवून म्हणाले, “सिद्ध झालं असतं तर मला नुसतं वाचायचं उरलं असतं. आता विश्वास ठेवायचं काम माझ्याकडेच राहिलं. तेवढं मला जमेल.” एवढं बोलून दमले आणि चहा मागितला. त्यानंतर झोपेत माझं मनगट धरलं नाही. मला उगीच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आता एक अडचण आहे, ती तुझ्या कामातली आहे. शेवटच्या दिवशी दुपारी मी त्यांच्या उजव्या हाताला होते, चिमणी डाव्या. ते एकच शब्द बोलले. मी म्हणते उशी म्हणाले. चिमणी म्हणते उजेड. मी उशी सरळ केली, तिने पडदा सारला, आणि दोन्हींनी त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. दहा मिनिटांनी गेले.

यावरून आम्ही दोघी परवापासून भांडतो आहोत. ती म्हणते मला कमी ऐकू येतं. मी म्हणते तिला जे हवं ते ऐकू येतं. पाळकसाहेबांनी उजेड धरला आणि तो प्रवचनातही घेतला, म्हणून मी जास्तच चिडले. तू येऊन दोघींना वेगवेगळं विचार. निकाल लागणार नाही हे मला ठाऊक आहे, पण विचार. तू विचारलंस की चिमणी जरा गप्प बसते, आणि मलाही तो दिवस पुन्हा सांगायला मिळतो.

एवढं मात्र लिहून घे, की ते बोलले. यावर आमचं दुमत नाही.

वाट बघते. जेवायलाच ये.
तुझी,
ताई