पाठवणीसाठी राखलेले दोन फोटो

आप्पा,

परवा मी कॅमेरा घेतला. मोबाईल असताना वेगळा कॅमेरा कशाला, असं तुमचे जावई अजून विचारताहेत आणि मी त्यांना धड उत्तर दिलेलं नाही. खरं कारण आई आहे. ती आता ऐंशीला टेकली. घरात तिचे फोटो आहेत, पण सगळ्यांत ती कुणाच्या तरी लग्नात मागच्या रांगेत, अर्धा चेहरा दुसऱ्या कुणाच्या तरी पदराआड. जिच्या नवऱ्याने निम्म्या मावळातली लग्नं टिपली, तिचा एकटीचा एक नीट फोटो नाही. तुमचाही नाही, पण त्याकडे मी येतेच.

घोरावाडीहून लोकलने पुण्याला गेले. दुकानातला मुलगा बोलका होता. म्हणाला, "मॅडम, नवीन घेताय तर मिररलेस घ्या ना, आत आरसाच नसतो. डीएसएलआर आता फार कमी लोक घेतात. हा बघा, सायलेंटवर टाकला की फोटो निघाला हे समोरच्याला कळतसुद्धा नाही." मी म्हटलं, "मला मात्र कळायला हवंय." त्याने माझ्याकडे जरा बघितलं आणि आतून डीएसएलआरमधला सगळ्यात साधा, शिकाऊ लोकांना देतात तो आणून ठेवला. मी तो कानाशी धरला आणि बटण दाबलं. आतला आरसा उठला, पडला. खट्क! त्या भरल्या दुकानात माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हाच द्या, म्हटलं.

मग लेन्सची निवड. त्याने तीन मांडल्या. एक कॅमेऱ्याच्या बॉडीबरोबरच येते, अठरा-पंचावन्न मिलिमीटरची, घरादाराला पुरते. दुसरी लांबलचक, लोहगडावर उभं राहून खालच्या वाडीतलं माणूस ओळखता येईल अशी. तिसरी इवलीशी, नुसती पन्नासची, मागेपुढे काही होत नाही तिचं. "हिला झूम नाही हं," त्याने बजावलं. "आणि या बॉडीवर ती आणखी जवळचं दाखवते. घरात काढायचा तर मागं सरकायला जागा लागेल. पण चेहरा असा येतो ना, की बघत राहाल." तुमच्या कॅमेऱ्याला जन्मभर एकच लेन्स होती, पन्नासचीच. मी एकदा झूमसाठी हट्ट धरला होता, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "पाय हायेत न्हवं? मंग जा की म्होरं. माणसाच्या जवळ जायाला लाजायचं न्हाई." मी बॉडीबरोबरची घेतली, इवलीशी घेतली आणि लांबलचक परत केली. दुरून बघण्यासारखं माझ्याकडे आता फारसं काही उरलेलं नाही.

मी कॉलेज संपवून तुमच्या हाताखाली आले ते दिवस आठवतात. लोणावळ्यात स्टेशनजवळचा तो एका खोलीचा स्टुडिओ, पावसाळ्यात खंडाळ्याला येणारी पाहुणेमंडळी, आणि उन्हाळाभर गावोगावची लग्नं. रीळ छत्तीस फोटोंचं आणि मांडवात फोटोची हौस असलेले दोनशे. नवरदेवाचे मित्र तर दर पाच मिनिटांनी नव्या जोडीने समोर उभे. तेव्हा तुम्ही मला धंद्यातली पहिली खुबी शिकवलीत. फ्लॅशच्या पाठीवरचं लाल बटण दाबायचं, की नुसता उजेड पडतो. रीळ जागचं हलत नाही. समोरचे खूश, आपलं रीळ शाबूत. सनईच्या गोंगाटात खटका पडला नाही हे कुणाच्या बापाला कळत नाही. या खोट्या फ्लॅशला आपल्या दोघांत 'चमकवणं' म्हणायचो. चमकवायचे दोन नियम होते. काहीही झालं तरी पाठवणीला दोन फोटो राखायचे. आणि म्हाताऱ्या माणसाला चमकवायचं नाही. एका आजीला मी सहज चमकवलं, तर तुम्ही मला मांडवाबाहेर नेऊन झापलंत. "तिचा ह्यो येकच फोटू ऱ्हायचा, कळतंय का तुला? जा, खरा काढ." मी परत गेले आणि काढला.

आणि मग माझ्या मावसबहिणीचं लग्न, पवन मावळात. घरचं कार्य म्हणून तुम्ही कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि स्वतः फेटा बांधून मिरवलात. जेवणं उरकली. शेवटच्या रिळात दोनच फोटो उरले होते. तेवढ्यात तुम्ही आईला हाताला धरून घेऊन आलात. आई लाजून लाल झालेली. "आमचा दोघांचा येक काढ गं," म्हणालात. जन्मात कधी तुम्ही असं म्हणाला नव्हता. मी कॅमेरा डोळ्याला लावला. तुमचा फेटा जरा वाकडा होता, आईने तो सरळ केला. माझं बोट खटक्यावर होतं, आप्पा. पण पाठवणी व्हायची होती आणि नियम तुमचाच होता. शिवाय तुम्ही कुठे म्हातारे होतात? बावन्नचे होतात. मी आज तेवढीच आहे. मी बोट वर नेलं आणि लाल बटण दाबलं.

तुम्हाला कळलं. खटका पडला नाही हे कुणाला कळत नाही म्हणतात, त्या 'कुणा'त तुम्ही कसे असाल? खटक्याचा आवाज तुम्ही झोपेतही ओळखला असता. तुमचं हसू क्षणभर थांबलं, मग पुन्हा आलं. "झ्याक आला असंल," आईला म्हणालात. घरी परतताना आई पुढे चालत होती, तेव्हा मला हळूच म्हणालात, "पाठवणीला दोन राखलंस न्हवं? बरं केलंस." त्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

पावसाळा संपायच्या आत तुम्ही गेलात. हार घालायला फोटो शोधायला लागलो, तर तुमच्या ओळखपत्रावरचा तेवढा सापडला. तो मोठा करून लावला. त्यात तुम्ही कुणीतरी हाक मारल्यासारखे दचकलेले दिसता. दहाव्याला काकांनी विचारलं, "फोटोग्राफरचाच फोटू न्हाई व्हय?" आई म्हणाली, "काढलाय की. लग्नात, आमचा दोघांचा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, रीळ काढताना उजेड लागला, तेवढाच फोटो गेला. रीळ कॅमेऱ्यातून तुम्ही स्वतः काढलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक. काका हळहळले. "शेवटी शेवटी हात गेला असंल त्याचा." तीस वर्षं एकाही रिळाला उजेड लागू न दिलेला तुमचा हात, आणि मी खाली मान घालून बसले.

तर काल दुपारी आईला ओट्यावर बसवलं. नेसायला तिने ती निळी इरकल काढली. इवली लेन्स लावून मी मागे मागे सरकत अंगणातल्या पाण्याच्या टाकीला टेकले, तेव्हा कुठे ती पूर्ण मावली. म्हणाली, "तुज्या बापासारखं नुसतं चमकवू नगंस." म्हणजे खुबी तिलाही ठाऊक होती! मी हसले आणि खटका दाबला. चांगला मोठा आवाज झाला, पडद्यावर ती दिसलीसुद्धा. "आला," म्हटलं. मग आणखी पाच-सहा काढले. ती आत जायला उठल्यावर पुन्हा बघायला गेले तर एकही फोटो नाही. कार्ड कॅमेऱ्यात घातलंच नव्हतं. नवं कोरं, डबीतच होतं. कार्ड नसलं तरी हा कॅमेरा आवाज करतो, क्षणभर फोटो दाखवतो आणि विसरतो. ज्या आवाजाच्या भरवशावर मी तो घेतला, त्यानेच मला चमकवलं.

ऐंशीची बाई, पुन्हा बसेल, न बसेल. सांगू की नको, असं खरंच मनात आलं. मग सांगितलं. "आई, एकपण नाही आला. कार्ड घालायचं राहिलं." ती पदर सारखा करत पुन्हा बसली. "मंग आता घाल की बये. मी कुटं चाललीया?"

घातलं आणि काढले. चांगले आलेत, आप्पा. डोळ्यांभोवतीची एकेक सुरकुती दिसते. पाहताना ती म्हणाली, "आमचा दोघांचा पण आसाच आला असता. उजेड लागला नसता तर." मी तोंड उघडलं आणि तिच्यासाठी चहा टाकायला आत गेले.

लग्नातल्या त्या चमकवण्याचं तुम्हीही तिला कधी सांगितलं नव्हतंत, हे मला तेव्हा उमगलं. कार्डाचं मी तिला लगेच सांगितलं. रिळाचं अजून सांगितलेलं नाही.