फणीतले केस

प्रिय बाबा,

फणी टाळूवर आली आणि अडकली. ओढून काढली तर तिच्यात पांढरे केस. टोकाला पिवळे, तुमच्या मिशीसारखे.

माझे केस काळे आहेत. चुकून तुमची फणी उचलली होती. पण तुमच्या दहाव्यानंतर मीच ती उकळत्या पाण्यातून काढून कागदात गुंडाळली होती ना? मग ती बाहेर कशी आली, आणि हे केस कुठून आले? म्हणून लिहितोय. इतवारीतल्या आपल्या दुकानात, भर दुपारी, शटर अर्धं ओढून.

दहाव्याला माझं मुंडण झालं. केस परत आले, टाळूवर नाही. समोरासमोरच्या आरशांत आज मागून पाहिलं. तुमचंच डोकं होतं! तीच वाटीएवढी टकलाची जागा.

गिऱ्हाइकाचे केस चिमटीत धरून तुम्ही बिडी-सिगारेट ओढणारा ओळखायचात. "किती ओढतो गा भाऊ? केस फणीतच उतरून राहिले! धुरानं मुळाले रक्त भेटत नाही." दुकान हसायचं. मग तुम्ही मागच्या दारी जाऊन बिडी पेटवायचात.

तुम्ही माझे केस शेवटचे कापलेत तेव्हा तुमची बोटं टाळूवर थांबली. सिगारेटचा वास तुम्हाला येऊ नये म्हणून मी श्वास रोखला. तुम्ही काहीच बोलला नाहीत. वाटलं, सुटलो!

सकाळी तुमचे दोस्त नामदेवकाका दाढीला आले होते. माझ्या टाळूकडे बघत म्हणाले, "तुह्या बापाले माहीत होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"मीबी हेच इचारलं. म्हणे, सोताच्या हातात बिडी, अन् पोराले काय सांगू!"

तेवढ्यासाठी गप्प राहिलात? एकदा ओरडायचं होतं, बाबा. दवाखान्यात तुमचा खोकला कायमचा थांबला, तेव्हा मी गेटबाहेर ओढत उभा होतो. आता तोच खोकला मला पहाटे उठवतो.

हे लिहिताना मागच्या दारातून बिडीचा वास येतोय. दोनदा जाऊन पाहिलं. कोणी नाही.

पाकिटात पाच उरल्यात. त्या ओढणार नाही, नवं पाकीटही आणणार नाही. फक्त तुम्ही आता मागच्या दारी जाऊ नका.

तुमचा,
गजू

दुसऱ्या दिवशी सकाळी गजूनं दुकान उघडलं. पाचही सिगारेटी बादलीत चुरगळल्या. खुर्चीच्या हातावर बिडीची राख होती. ती पुसली आणि पहिल्या गिऱ्हाइकाला बसवलं.